हातचा

पत्र आलं तेव्हा मी पिस्त्याच्या कारखान्यात होते,
रात्रपाळीला, कानात बोळे घालून.
फोनवर दोनच ओळी दिसल्या : अभिनंदन. आणि,
सोबतचा तक्ता पाहावा.

तक्ता पहाटे पाहिला, पिकअपमध्ये बसून.
ट्युलारीचं धुकं, स्वतःच्या गाडीचं नाक दिसेना.
सदुसष्ट क्रेडिट मी पाठवले होते,
एकसष्ट त्यांनी जमेस धरले.
कॅल्क्युलस घेतलं. रसायन घेतलं.
भूगर्भशास्त्रसुद्धा घेतलं, ज्यात एक अख्खं सत्र आम्ही
एकाच खोक्यातले तेच बारा दगड ओळखत बसलो होतो.
वेल्डिंग एक, वेल्डिंग दोन :
समोर नुसती आडवी रेघ.

सहा क्रेडिट.
म्हणजे दोन हिवाळे, मंगळवार-गुरुवार,
सहा ते नऊ पन्नास,
पार्किंगच्या पलीकडची पत्र्याची शेड
आणि टावारेस सर, ज्यांच्या तीन पिढ्या गाई दोहत आल्या
आणि ज्यांना स्वतःला दूध चालत नाही.
ते म्हणायचे, ठिणगीकडे बघू नकोस, देल्फिना,
ठिणगी सगळ्यांनाच दिसते.
तिच्या मागे जे वितळतंय, त्याच्यावर नजर ठेव.

खिडकीतल्या बाई चांगल्या होत्या.
अर्ज करा म्हणाल्या, पण खरं सांगते,
आमच्याकडे याला समतुल्य असं काही नाही.
समतुल्य.
शब्द घरी आणला, आईपुढे ठेवला.
तिने चष्मा वर केला :
म्हणजे ती वर्षं वाया गेली?

आई अजून कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब करते,
भाडं, वीज, धाकट्याचे दात.
हातचा आकडा वर बारीक लिहिते,
उत्तर आलं की खोडून टाकते.
मी म्हटलं, नाही गं, ते सहा हातचे आहेत.
ती हसली नाही.
तिने पेन्सिल कानावर खोचली आणि डबा भरायला घेतला.

आता मी समुद्राजवळच्या टेकडीवर शिकते.
निलगिरीचा वास आहे, सायकली आहेत,
तिसऱ्या वर्षाच्या वर्गात सगळे एकमेकांना
टोपणनावांनी हाक मारतात.
पहिल्या वर्षी तू कुठल्या हॉस्टेलला होतीस?
मी म्हणते, पिस्त्याच्या.
मग समजावून सांगावं लागतं, आणि समजावलं की विनोद उरत नाही.
मी एकोणतीस वर्षांची आहे.
शुक्रवारी दुपारी अडीच तास गाडी हाकत घरी जाते,
रविवारी रात्री परत. दोन्हीकडच्या उशा
मला सारख्याच परक्या लागायला लागल्यात.

काल धातूंच्या प्रयोगशाळेत
प्राध्यापकांनी जोडाचा एक तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला.
म्हणाले, हा मधला भाग वितळून एक झाला, तो सोपा.
बघायचंय ते शेजारी. हा पट्टा.
हा वितळलेला नाही,
पण पूर्वीचाही राहिलेला नाही.
तुटलंच कधी, तर बहुतेक इथे तुटतं.

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं.
मी बाही वर केली. मनगटावरचा डाग,
दुसऱ्या हिवाळ्यातला, हातमोजा फाटला होता तेव्हाचा,
त्याच्या कडेची कातडी
ना डागाची, ना माझी.
थोडा वेळ तेच बघत राहिले.
शेजारच्या मुलाने विचारलं, तुला बरं वाटतंय ना?

संध्याकाळी तुकड्याचा फोटो सरांना पाठवला.
खाली लिहिलं, ओळखा पाहू.
दोन तासांनी उत्तर आलं, गोठ्यात असणार बहुधा,
कारण मागून कुठलीशी गाय हंबरल्याचाही एक व्हॉइस मेसेज होता, चुकून दाबलेला :

जोडात भोकं आहेत.
कुणी केलाय?
त्याला म्हणावं, घासून काढ, पुन्हा कर.